गोळी शेवटी: हाडं आणि हृदय एकत्र सांभाळायचा क्रम

पन्नाशी आली, गुडघा कुरकुरायला लागला, की घरात पहिली खरेदी होते कॅल्शियमच्या गोळ्यांची. पाठोपाठ तेलाचा ब्रँड बदलतो. मग 'चालत जा' असं कोणी सांगितलं म्हणून ऐन वैशाखात सकाळी नऊला चालणं सुरू होतं आणि आठवड्यात बंदही पडतं.

यातलं एकेक घेतलं तर फारसं चुकीचं काही नाही, चुकतो तो क्रम. मीठ भरमसाट असेल तर गोळीतून आलेल्या कॅल्शियमचा काही भाग लघवीवाटे निघून जातो. तेल मोजलंच नाही तर ब्रँड बदलून हृदयाला काही फायदा होत नाही. आणि गुडघेदुखी बहुतेक वेळा सांध्यातल्या कूर्चेच्या झिजेची असते, ती कॅल्शियमने थांबत नाही. हाडांचा ठिसूळपणा मुळात दुखतच नाही. मनगट, मणका किंवा खुबा मोडतो तेव्हा तो कळतो.

म्हणून क्रम असा ठेवा: मोजमाप, मीठ, तेल, ताटातलं कॅल्शियम, ऊन, व्यायाम आणि सगळ्यात शेवटी, लागलीच तर, गोळी. दर टप्प्याला दोन आठवडे द्या. सगळं एका सोमवारी सुरू केलं की पुढच्या सोमवारी सगळं सुटतं.

आधी जमवायचं सामान

एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, ५ मिलीचा चहाचा चमचा, तेलासाठी वेगळी पारदर्शक बाटली, मार्कर, वही. बीपीचं मशीन दंडाला पट्टा बांधायचं घ्या. मनगटाच्या मशीनमध्ये हात थोडा खाली-वर झाला तरी आकडा बदलतो.

टप्पा १: मोजमाप

रक्ताच्या तपासण्या डॉक्टरांना विचारून एकदाच करा: लिपिड प्रोफाइल, साखर, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी. डी साठी '२५-हायड्रॉक्सी' नावाची तपासणी लागते. क्रिएटिनिन टाळू नका. मूत्रपिंड नीट आहे की नाही यावर पुढचा निम्मा लेख तुम्हाला लागू पडतो की नाही हे ठरतं.

बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको, मिश्री नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. दंड छातीच्या पातळीला टेकवा, पट्टा उघड्या दंडावर बांधा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ती वही डॉक्टरांना दाखवा.

उंचीही मोजा. तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंटीमीटर किंवा अधिक घट झाली असेल तर एखादा मणका न दुखता चेपलेला असू शकतो.

> सावध: मोफत शिबिरात टाच ठेवून 'हाडांची ताकद' सांगणारं यंत्र म्हणजे डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी, नव्हे. त्याच्या चिठ्ठीवर औषध सुरू करू नका. ठिसूळपणाचं निदान खुबा आणि कमरेच्या मणक्याच्या डेक्सावर होतं: टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. ६५ वरच्या बायकांनी ही तपासणी करून घ्यावी. किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल, पाळी लवकर गेली असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच महिने चालू असतील तर त्याआधीच.

टप्पा २: मीठ

हाडं आणि हृदय दोघांचं एकदम नुकसान करणारी घरातली वस्तू म्हणजे मीठ. बीपीचं सगळ्यांना ठाऊक असतं, हाडाचं नसतं. मूत्रपिंड सोडियम बाहेर टाकतं तेव्हा त्याच्यासोबत कॅल्शियमही जातं. साधारण ६ ग्रॅम मिठामागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास. रोजचा आकडा लहान वाटतो, पण तो रोज जातो.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात सगळं आलं: भाजी, लोणचं, पापड, बाहेरचं खाणं.

चमच्याने मोजत बसू नका, पिशवीने मोजा. मिठाची एक किलोची पिशवी फोडली की तिच्यावर मार्करने तारीख लिहा. बाहेरून येणाऱ्या मिठासाठी १ ग्रॅम सोडला तर माणशी ४ ग्रॅम उरतात. चार माणसांचे महिन्याचे झाले ४८० ग्रॅम, म्हणजे पिशवी दोन महिने पुरली पाहिजे. महिन्यात संपत असेल तर तुमचं घर दुप्पट मीठ खातं. लोणच्या-पापडाच्या मोसमात त्यासाठी वेगळी पिशवी आणा, नाहीतर हिशेब लागणार नाही.

आपल्याकडे खान्देशात मीठ लपतं कुठे ते पाहा:

१. कळण्याच्या दळणात. ज्वारी-उडदासोबत जाडं मीठ गिरणीतच दळून आणायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. मग भाकरी खारी, भाजी खारी, वर ठेचा. दळण बिनमिठाचं आणा.
२. पापड आणि बिबड्यांत. मिठाशिवाय पापडखारही सोडियमचाच असतो, हे कोणी धरत नाही.
३. शेवेत. शेवभाजीच्या रश्श्यात मीठ घालताना शेवेचं मीठ विसरलं जातं. रश्शाला नेहमीच्या निम्मंच मीठ घाला, शेव पडल्यावर चव घ्या.
४. ठेच्यात. मिरची खलबत्त्यात नीट कुटली जावी म्हणून जाडं मीठ घालतात. त्या जागी भाजलेले शेंगदाणे आणि लसूण वाढवा, वरून लिंबू पिळा.

एकदम निम्मं करू नका, घरात भांडण होईल. दर आठवड्याला थोडं कमी करा. महिना-दीड महिन्यात जिभेला सवय होते आणि मग शेजारची भाजी खारट लागायला लागते.

> सावध: 'लो सोडियम' मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सैंधव मात्र 'हलकं' समजू नका, तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच.

> उन्हाळ्यात: भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ ला जातो. शेतात दिवसभर घाम गाळणाऱ्याने त्या दिवसांत मीठ आणखी कमी करायच्या फंदात पडू नये. पाणी आणि चिमूटभर मिठाचं ताक चालू ठेवा. बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू असून चक्कर येत असेल तर गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना भेटा.

टप्पा ३: तेल

कोणतं तेल हा प्रश्न सगळे विचारतात, किती हा क्वचित कोणी. आधी किती ते ठरवा.

फोडणी, तळण आणि तूप धरून माणशी दिवसाला ३ ते ४ चहाचे चमचे, म्हणजे महिन्याला ४५० ते ६०० मिली. चार जणांच्या घराला महिन्याचे दोन ते सव्वादोन लिटर पुरले पाहिजेत. पंधरा लिटरचा डबा आणत असाल तर डब्यातून थेट कढईत ओतू नका. आठवड्याचं तेल, चौघांसाठी अर्धा लिटर, सोमवारी बाटलीत भरा. बाटली शुक्रवारी रिकामी झाली तर शनिवार-रविवारी भाजलेलं, उकडलेलं खा. पुन्हा भरायची नाही, एवढाच नियम.

आता कोणतं ते. शेंगदाणा आणि तीळ ही आपली जुनी तेलं रोजच्या फोडणीला चांगली आहेत. शेंगतेलात जवळपास निम्मा भाग एकअसंतृप्त, म्हणजे हृदयाला मानवणाऱ्या, मेदाचा असतो आणि ते उष्णतेला टिकतं. करडई-सूर्यफुलात ओमेगा-६ फार, ओमेगा-३ जवळजवळ नाही. सोयाबीन आणि मोहरीत थोडं ओमेगा-३ मिळतं. सरकीच्या तेलात सुमारे चौथा हिस्सा संतृप्त (हृदयाला न मानवणारा) मेद, पामतेलात जवळपास निम्मा. एक महिना शेंगदाणा, एक महिना सोयाबीन किंवा मोहरी असं आलटून-पालटून चालतं. पाकिटावरच्या 'कोलेस्टेरॉल फ्री'ला जास्तीचे पैसे मोजू नका, कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं.

घाण्याचं तेल काढून आणत असाल तर शेंगदाणे स्वतः निवडा. काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे काढून टाका. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष न शुद्ध केलेल्या तेलात उतरतं आणि यकृताला घातक असतं. 'घाण्याचं म्हणजे शुद्धच' या भरवशावर रास तशीच ओतू नये.

ओमेगा-३ साठी स्वस्त उपाय जवसाचा. मंद आचेवर हलकं भाजून दळा आणि रोज एक मोठा चमचा चटणी किंवा भाकरीच्या पिठात घाला. अख्खं जवस न पचता तसंच बाहेर पडतं. दळलेलं लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच दळून घट्ट डब्यात ठेवा. जवसाचं तेल कढईत तापवायचं नाही.

तेल कमी करताना चव कुठे टिकवायची, हा खरा कस. काळ्या मसाल्याचं वाटण दोन चमचे तेलात परता. बुडाला लागायला लागलं की आणखी तेल न घालता गरम पाण्याचा हबका मारा, असं चार-पाच वेळा. वाटण नीट भाजलं गेलं की कडेने थोडं तेल सुटतंच. वाटीभर तर्री मात्र येणार नाही, कारण तर्री म्हणजे ओतलेलंच तेल. शेव ऐन वाढताना घाला, आणि मूठभरच. शेवेच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तेल असतं, त्यामुळे ५० ग्रॅम शेवेतच दिवसाच्या तेलाचा कोटा जवळपास संपतो. बट्टी उकडून तळण्याऐवजी उकडून शेगडीवर किंवा गोवऱ्यांवर शेका आणि तूप वरून चमच्याने मोजून घाला. भरिताच्या वांग्याला तर भाजताना तेल लागतच नाही. लागतं ते फोडणीत, आणि तिथेच हात सैल सुटतो.

> सावध: तळणाचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तळायला वापरू नका. गाळून दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा. काळपट, फेसाळ, चिकट झालं की टाकून द्या. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा तेलातल्या ध्रुवीय संयुगांची (तेल पुन्हा पुन्हा तापून तयार होणाऱ्या घटकांची) मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. घरी ती मोजता येत नाही, म्हणून रंग, फेस आणि वास यांवरच भरवसा.

टप्पा ४: ताटातलं कॅल्शियम

गरज दिवसाला १००० मिलिग्रॅम, पाळी गेलेल्या बाईला १२००.

ज्वारी पोटभरीची आहे, मॅग्नेशियम देते, पण कॅल्शियमच्या बाबतीत कोरडी. १०० ग्रॅम पिठात जेमतेम २५-३०. चार भाकऱ्या खाल्ल्या तरी ७० च्या आसपास. तेव्हा 'आम्ही भाकरी खातो, आमची हाडं दणकट' यावर विसंबू नका. दणकट असलीच तर ती कष्टाने झाली.

एका दिवसाचं ताट असं भरतं (आकडे अंदाजे, मिलिग्रॅममध्ये):

• दूध २०० मिली: २४०
• दही १५० ग्रॅम: १८०
• नागली (नाचणी) ५० ग्रॅम पीठ: १७०
• तिळाची चटणी, १० ग्रॅम तीळ: १३०
• मेथी किंवा शेवग्याचा पाला, १०० ग्रॅम: २७० ते ३००
• सालीचे उडीद ४० ग्रॅम: ५०

बेरीज हजाराच्या थोडी वर जाते. नागली नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात पिकते, बाजारात सहज मिळते. दळण असं करा: चार भाग ज्वारी, एक भाग सालीचे उडीद, एक भाग नागली. नागलीने भाकरी थापताना चिरते, म्हणून पीठ कढत पाण्यात मळा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. तीळ भाजून कुटूनच खा, अख्खे गिळलेले तीळ फारसे कामी येत नाहीत.

पालकावर भिस्त ठेवू नका. त्यात कॅल्शियम दिसतं भरपूर, पण त्यातल्या ऑक्झलेट या कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे शरीराला लागतं पाच टक्क्यांच्या आसपास. दुधातलं लागतं तीस टक्क्यांच्या आसपास. पालक खा, पण कॅल्शियमच्या हिशेबात धरू नका.

मुतखडा झाला म्हणून दूध-दही बंद करणं ही नेहमीची चूक. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि खडा होण्याची शक्यता उलट कमी होते. बंद करायचं असतं ते मीठ, वाढवायचं असतं पाणी.

पोटॅशियमसाठी रावेर-यावलच्या केळ्यांसारखं सोपं काही नाही, १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम. बीपीला आणि लघवीतलं कॅल्शियम अडवायला दोन्हीकडे उपयोग. मधुमेह असेल तर एका वेळी अर्धं, जेवणानंतर लगेच नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारूनच.

मॅग्नेशियमची वेगळी गोळी भाकरी, डाळ, तीळ, शेंगदाणे खाणाऱ्याला सहसा लागत नाही. आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांशी बोला. तिने मॅग्नेशियम घटतं आणि हाड मोडण्याचा धोकाही वाढलेला आढळतो.

> तपासा: डाळ पातळ पाण्यासारखी होतेय का? हाडाचा सांगाडा प्रथिनांचाच असतो. प्रत्येकी एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ दोन्ही जेवणांत हवी.

टप्पा ५: ऊन

खान्देशात उन्हाला तोटा नाही, पण अंगभर पदर, बंद खोली आणि दुकानाचा गल्ला यांत ते अंगाला लागत नाही. कोवळं ऊन कातडीत डी तयार करायला फारसं उपयोगाचं नाही, काचेतून आलेलं तर नाहीच.

घड्याळ पाहू नका, सावली पाहा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. एप्रिल-मेमध्ये हे सकाळी साडेनऊलाच जमतं. तेव्हा १०-१५ मिनिटं हात आणि पाय उघडे ठेवून बसा आणि सावलीत या. डिसेंबरात जळगावात भर दुपारीही सावली जवळपास उंचीइतकीच पडते, म्हणून साडेअकरा ते दीडच्या मध्ये बसा, थोडं जास्त वेळ. कातडी लाल होईपर्यंत बसायचं नाही.

टप्पा ६: व्यायाम

हृदयाला लागतो दम, हाडाला लागतो भार. एकच व्यायाम दोन्ही पुरे करत नाही.

हृदयासाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चालणं: बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही, इतपत दम. पाच दिवस अर्धा तास. मार्च ते जून सकाळी सातच्या आत संपवा.

हाडासाठी आठवड्यात दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून:

१. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, १० वेळा. खाली येताना धपकन बसू नका, तीन मोजत बसा.
२. भिंतीला धरून टाचा उचलणं, १५ वेळा.
३. भिंतीला हात टेकून दंड, १० वेळा.
४. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन अंगणात दोन फेऱ्या. सुरुवात २-२ किलोने.
५. ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभं राहणं, प्रत्येक पायावर २० सेकंद. हा रोज करा. पडणं टळलं की खुबा वाचतो.

दोन फेऱ्या सहज जमल्या की तिसरी वाढवा, मग वजन अर्ध्या किलोने. भार न वाढवता वर्षभर तेच केलं तर हाडाला वाढायचं कारण उरत नाही. सायकल आणि पोहणं हृदयाला उत्तम, पण हाडावर त्यांचा भार फारसा येत नाही.

'आम्ही दिवसभर निंदणी करतो, कापूस वेचतो, आम्हाला व्यायाम कशाला' हा प्रश्न रास्त आहे. त्या कामात चालणं होतं, दमही लागतो, पण पाठ तासन्‌तास वाकलेली राहते. अशांनी चालण्याचा वेळ वाचवावा आणि १, ५ आणि पालथं झोपून छाती थोडी उचलण्याचा व्यायाम करावा.

> सावध: डेक्सात ठिसूळपणा निघाला असेल किंवा मणका चेपला असेल तर कमरेतून पुढे वाकण्याचे, वाकून पिळण्याचे व्यायाम आणि पालथं झोपून करायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय नकोत, सूर्यनमस्कारही त्यातच आले. खालून घागर उचलताना गुडघ्यात वाका. बीपी १८०/११० किंवा वर असेल त्या दिवशी व्यायाम नको. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम आला तर 'गॅस झाला' म्हणून ओवा खात बसू नका, १०८ ला फोन करा.

टप्पा ७: गोळी

ताटाची बेरीज करून जेवढी तूट, तेवढीच गोळी. ताटातून ७०० येत असतील तर तूट ३०० ते ५०० ची. १००० ची गोळी नको.

पाकिटावर 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ.' असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं. मोठा आकडा वाचून फसू नका. एका वेळी ५०० पेक्षा जास्त शरीर नीट शोषत नाही. कार्बोनेट जेवणासोबतच घ्या. उपाशीपोटी घेतलं तर कमी लागतं. आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना कॅल्शियम सायट्रेट या दुसऱ्या प्रकारच्या गोळीबद्दल विचारा.

थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तास, लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांत दोन तास अंतर ठेवा. सकाळी उठून तिन्ही एकत्र गिळणाऱ्यांचं थायरॉइड आणि हिमोग्लोबिन दोन्ही जागेवर येत नाही, आणि दोष औषधाला लागतो.

व्हिटॅमिन डी ची ६०,००० युनिटची गोळी आठवड्याला एक असते, दिवसाला नव्हे. पातळी २० नॅनोग्रॅम/मिलीच्या खाली असेल तर साधारण आठ आठवडे ती देतात, नंतर डोस कमी होतो. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर घेत राहिलात तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. फार तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, सुस्ती दिसली तर गोळी थांबवून रक्त तपासा. रक्त पातळ ठेवण्याचं वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉल चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, रोज सारखी ठेवा.

पुन्हा मोजायचं कधी

लिपिड आणि व्हिटॅमिन डी तीन महिन्यांनी. बीपी आठवड्यातून दोन दिवस, वहीत. डेक्सा वर्ष-दोन वर्षांआधी करू नका, हाड इतक्या लवकर बदललेलं दिसत नाही. आणि ती त्याच मशीनवर करा. एकदा जळगावला आणि पुढच्या वेळी नाशिकला केली तर आकड्यातला फरक हाडाचा की मशीनचा, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.